कोथरूडला कागद, ताथवड्याला मॉडेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमध्ये एका सोसायटीचा पुनर्विकास हातात आहे: खाली पार्किंग, वर ७ मजले, २८ फ्लॅट. दुसरा प्रकल्प ताथवड्यात: दोन बेसमेंट, पोडियम (टॉवरखालचा सलग चौथरा) आणि त्यावर २२ मजल्यांचे तीन टॉवर, मायवान शटरिंगमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत. वडील म्हणतात, "तीस वर्षं कागदावर इमारती उभ्या केल्या, काय अडलं?" बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे इमारतीचं माहितीसकट संगणकी त्रिमिती मॉडेल) करणारा कन्सल्टंट चौरस फुटावर फी सांगतोय आणि दोन्ही प्रकल्प त्यालाच द्या म्हणतोय. घ्यायचं की नाही?

कोथरूडला घेऊ नका. ताथवड्याला घ्या, पण मायवानच्या शेल ड्रॉइंगवर (ज्यावरून साचे बनतात ते ड्रॉइंग) सही व्हायच्या आधी. ती सही होऊन गेली असेल तर फक्त बेसमेंट आणि पोडियमपुरतं घ्या, टॉवरचे पैसे वाचवा. आता कारणं.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. आज कोणीच कागदावर डिझाइन करत नाही. मी कामाला लागले तेव्हा ट्रेसिंग पेपर, रोटरिंग पेन आणि चुकलेली रेष खरवडायला अर्धं ब्लेड, एवढी आमची सामग्री. अमोनिया प्रिंटचा वास घरी जाईपर्यंत बोटांना असायचा. ऑटोकॅड १९८२ सालचं, पण आमच्या टेबलावर ते यायला बरीच वर्षं गेली, आणि आलं तेव्हा आम्ही त्यावर काय केलं? तेच. पेनाऐवजी माउसने रेषा ओढल्या. म्हणून वडील 'कागद' म्हणतात तेव्हा त्यात कॅडही आलं. स्क्रीनवर काढलेला तो कागदच.

कागदी पद्धतीत एक दरवाजा पाच ठिकाणी राहतो: प्लॅनमध्ये, सेक्शनमध्ये, एलिव्हेशनमध्ये, दारांच्या तक्त्यात आणि इंटिरियरवाल्याच्या शीटवर. तो सहा इंच सरकवला की पाच जागी सरकवायचा, आणि पाचवी जागा हमखास राहते. बीआयएममध्ये दरवाजा एकच असतो, हे पाचही त्याच्याकडे बघायचे झरोके. तत्त्व एवढंच आहे. बाकीचं सगळं, क्लॅश (दोन वस्तू एकाच जागी येणं) काय, क्वांटिटी (मालाचं मोजमाप) काय, त्याच तत्त्वाची पोरंबाळं. (आमच्या साइटवर 'बिम' म्हटलं की फिटर वरच्या बीमकडे बघतो, म्हणून मी अक्षरं सुटी करून बीआयएम म्हणते. तुम्हीही म्हणा, गैरसमज टळतील.)

म्हणजे फायदा कुठे होणार? जिथे एकाच जागेवर अनेकांचा हक्क आहे तिथे. कोथरूडच्या इमारतीत तशा जागा किती? एक जिना, लिफ्ट, पाइपांचे चार उभे डक्ट, वरची टाकी, खालची टाकी. आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट आणि प्लंबिंगवाला एका टेबलाशी बसून दोन तासांत सगळं बोलू शकतात. भिंती ब्लॉकच्या, म्हणजे पाइपाची जागा हुकली तर दुरुस्ती होते, जीव जात नाही. शिवाय पुनर्विकासात निर्णय शेवटपर्यंत हलत असतात. एका सभासदाला देवघर ईशान्येलाच हवं, दुसऱ्याला किचनचा ओटा उलटा, तिसऱ्याचा मुलगा अमेरिकेतून फोनवर खिडकी मोठी करून मागतो. प्रत्येक मजला वेगळा. असल्या कामात मॉडेल अद्ययावत ठेवायला एक माणूस कायम बसवावा लागतो, आणि त्याचा पगार २८ फ्लॅटवर पसरवला तर अंगावर येतो.

एक अपवाद मात्र आहे: तळमजला. पुनर्विकासात जागा अपुरी, म्हणून मेकॅनिकल पार्किंग, मशीनवर एकावर एक गाड्या. त्यात स्टॅकची उंची, वरून जाणारे ड्रेनेजचे पाइप, खालची पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मर आणि गाडीचं वळण, सगळं एकाच पट्ट्यात. एवढ्याच भागाचं साधं त्रिमिती मॉडेल आर्किटेक्टकडून करून घ्या. थोड्या दिवसांचं काम आहे आणि पार्किंगच्या मशीनवाल्याला ऑर्डर देण्याआधी ते समोर असलेलं बरं.

आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवायला जो वॉकथ्रू बनवतात, त्याला बीआयएम समजू नका. ते चित्र आहे, त्यातल्या भिंतीला आपण भिंत आहोत हे माहीत नसतं. चित्र दाखवतानाही जपून. जाहिरात किंवा नमुना फ्लॅट बघून कोणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. वॉकथ्रूमधली झाडं आणि बाल्कनीतला झोपाळा मंजूर प्लॅनशी जुळतोय ना, एकदा बघा.

आता ताथवडे. इथे तुमचे पैसे सगळ्यात आधी बेसमेंटमध्ये बुडतात, म्हणून तिथूनच हिशेब मांडते. समजा बेसमेंटची उंची स्लॅब ते स्लॅब ३.६ मीटर. वरचा बीम स्लॅबसकट ७५० मिमी. खाली राहिले २.८५. जमिनीच्या फिनिशला १०० मिमी द्या, २.७५. आता बीमखालून फायरची मुख्य लाइन जाते, हँगर आणि फिटिंग धरून २५० मिमी. त्याच जागी वायुवीजनाचा डक्ट तिला आडवा जातो, तो आधार धरून ५०० मिमी. उरले २ मीटर. गाडी कशीबशी जाईल, सामानाचा टेम्पो जाणार नाही. फायरच्या शीटवर हे दिसत नाही, कारण तिथे डक्ट नाही. डक्टच्या शीटवर दिसत नाही, कारण तिथे बीम फिकट रेषेत आहे आणि त्याची खोली लिहिलेली नाही. तिन्ही ड्रॉइंगं आपापल्या जागी बरोबर, तिघांच्याही सह्या आहेत, आणि बांधकाम चूक. मॉडेलमध्ये हे ठिकाण लाल होऊन समोर येतं आणि डक्ट शेजारच्या दोन बीममधल्या जागेतून, बीमला समांतर फिरवला की मिटतं. जागेवर कळलं तर तयार डक्ट तोडा, नाहीतर लाइन उतरवा.

दुसरी गोष्ट उताराची. पोडियमखाली सगळ्या टॉवरची घाण वाहून नेणारे आडवे पाइप असतात. प्लॅनवर पाइप म्हणजे एक सरळ रेष, तिला उतार नसतो. ६० ला १ हा उतार धरला तर १८ मीटर लांबीत पाइप ३०० मिमी खाली येतो. सुरुवातीला बीमखालून निघालेला पाइप शेवटी कोणाच्या तरी पार्किंगच्या डोक्यावर टेकतो. हे तुमच्या वडिलांनीही पाहिलेलं असणार, विचारा त्यांना. पूर्वी अनुभवी प्लंबर दोरी लावून आधी बघायचा. आता तेवढा वेळ आणि तसा प्लंबर, दोन्ही दुर्मिळ झालेत.

तिसरी गोष्ट मायवान, आणि माझ्या मते निर्णय खरं तर इथेच होतो. ब्लॉकच्या भिंतीत चूक झाली तर छन्नी-हातोडी आहे. मायवानमध्ये भिंत आणि स्लॅब एकदम काँक्रीटचे, वायरिंगचे पाइप आत गाडलेले, प्लंबिंगच्या स्लीव्ह (पाइपासाठी सोडलेली भोकं) आधीच ठेवलेल्या. ॲल्युमिनियमचे पॅनेल तुमच्या शेल ड्रॉइंगप्रमाणे कारखान्यात बनून येतात आणि तेच सगळ्या मजल्यांवर फिरतात. पहिल्या मजल्यावरची चूक बाविसाव्यापर्यंत इमानेइतबारे छापली जाते. म्हणून मॉडेलची मुदत बांधकामाच्या तारखेवरून ठरवू नका, शेल ड्रॉइंगच्या सहीवरून ठरवा. त्या दिवशी ठराविक मजल्यावरची प्रत्येक स्लीव्ह, प्रत्येक टॉयलेटचा संक (स्लॅबचा खाली घेतलेला भाग) आणि प्रत्येक एसीच्या ड्रेनचं भोक मॉडेलमध्ये पक्कं असलं पाहिजे.

पुण्यात बरेचदा उलटं चालतं. ड्रॉइंगं पूर्ण होतात, काम सुरू होतं, मग कोणीतरी त्याच ड्रॉइंगांवरून मॉडेल उभं करतं आणि क्लॅशची यादी पाठवतं, तोवर सहावा स्लॅब पडलेला असतो. वरातीमागून घोडं. असल्या सेवेसाठी एक रुपयाही देऊ नका.

पण मॉडेल घेतलं की सगळं सुरळीत होतं असंही नाही. खराडीच्या बाजूला एका कामावर मी समन्वय बघत होते. कमोडची जागा १५० मिमी सरकली होती, मॉडेलमध्ये बदल झाला, क्लॅशही सुटला, मी समाधानाने चहा प्यायले. साइटवर मात्र भिंतीला आर-२ चं, म्हणजे दुसऱ्या सुधारणेचं शीट चिकटवलेलं होतं, चौथी सुधारणा, आर-४, मेलमध्ये पडून. ६ मजले, मजल्याला ४ फ्लॅट, २४ भोकं चुकीच्या जागी. कोअर कटिंगवाला आला, सळ्या कापल्या गेल्या, मग आरसीसी कन्सल्टंटचे फोन. चूक सॉफ्टवेअरची नव्हती आणि कागदाचीही नव्हती. जुना कागद कोणी काढला नाही, आणि तो काढून घेणं हे कोणाचंच काम म्हणून ठरलेलं नव्हतं. ते ठरवायला हवं होतं मी.

हे ठरवून घेण्याचं काम कन्सल्टंट नेमतानाच होतं. करारात मी काय लिहून घेते ते सांगते. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: साइटवर जाणारं प्रत्येक शीट मॉडेलमधूनच निघालं पाहिजे. आपल्याकडची आवडती खोड म्हणजे मॉडेलमधून डीडब्ल्यूजी (कॅडची फाइल) काढायची आणि मग घाईत त्या डीडब्ल्यूजीतच बदल करायचे. पहिल्याच बदलाला मॉडेल मेलं असं समजा. त्यानंतर तुम्ही फी भरताय ती फोटोला हार घालायची. दुसरं: सॉफ्टवेअरची आवृत्ती सगळ्यांनी एकच ठरवायची. रेव्हिट या बीआयएमच्या सॉफ्टवेअरची फाइल नव्या आवृत्तीत जतन केली की जुनीत उघडत नाही, आणि एका कन्सल्टंटने उत्साहाने अपग्रेड केलं की बाकीचे चौघं बाहेर. मूळ फाइल, आयएफसी (कुठल्याही बीआयएम सॉफ्टवेअरला चालणारी फाइल) आणि पीडीएफ तिन्ही दर टप्प्याला तुमच्या ताब्यात हवेत, कारण उद्या कन्सल्टंटशी भांडण झालं तर नव्याला शून्यापासून सुरुवात करायला लागू नये.

तिसरं, किती बारकावा. कन्सल्टंट 'एलओडी ३५०' वगैरे आकडे सांगेल, एलओडी म्हणजे मॉडेलमधल्या बारकाव्याची पातळी. १०० म्हणजे नुसता ठोकळा, ३०० ला मापं आणि जागा नक्की, ३५० ला शेजारच्या वस्तूशी जोडणी कळते, ४०० म्हणजे कारखान्यात बनवण्याइतकं. सगळ्या इमारतीला एकच आकडा लावू देऊ नका. बेसमेंटच्या सर्व्हिसेस, पोडियम, डक्ट, टॉयलेट आणि गच्ची ३५०. फ्लॅटच्या आतला हॉल ३०० पुरे. सळ्या मॉडेल करायच्या भानगडीत पडू नका. तुमचा आरसीसी कन्सल्टंट ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये डिझाइन करतो आणि कॅडमध्ये डिटेल देतो, तसंच राहू द्या. चार बाजूंनी बीम येतात आणि आयएस १३९२० च्या (भूकंपासाठीच्या मानकाच्या) रिंगा दाटीवाटीने बसतात असे दोन-चार सांधे तेवढे बघून घ्या, व्हायब्रेटरची सुई तरी आत जाते का म्हणून.

क्लॅशची यादी कशी मागायची हेही सांगते. पहिला रिपोर्ट हजारभर क्लॅशचा येईल, घाबरू नका आणि प्रभावितही होऊ नका. तोच पाइप त्याच बीमला २२ मजल्यांवर लागला की २२ क्लॅश दिसतात, प्रश्न एकच असतो. मला यादी गोळा करून हवी असते: प्रश्न कोणता, कोणी सोडवायचा, कुठल्या तारखेपर्यंत. आठवड्यातून एक बैठक, तीत आर्किटेक्ट, आरसीसी, एमईपी (वातानुकूलन, वीज, प्लंबिंग) आणि तुमच्याकडचा एक माणूस ज्याला जागेवर 'हो' म्हणायचा अधिकार आहे. तो माणूस नसेल तर बैठक घेऊ नका, चहाबिस्किटं वाया जातात.

क्वांटिटीबद्दल कन्सल्टंट फार गोड बोलेल, बटण दाबलं की बिल तयार म्हणून. तसं होत नाही. आपलं मोजमाप चालतं आयएस १२०० वर, म्हणजे बांधकाम मोजण्याच्या भारतीय मानकावर. त्याप्रमाणे प्लास्टरमध्ये ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. टॉयलेटचा ६०० बाय ६०० चा व्हेंटिलेटर म्हणजे ०.३६, वजा करायचा नाही. दीड मीटर बाय १.२ ची खिडकी १.८ भरते, ०.५ ते ३ चौरस मीटरच्या टप्प्यात आहे, म्हणून दोन्ही बाजूंचं प्लास्टर सारखं असेल तर एकाच बाजूची वजावट. मॉडेल बिचारं प्रामाणिक, ते सगळंच वजा करतं. मायवानच्या भिंतींना आतून प्लास्टर फारसं नसेलच, पण मुद्दा सगळीकडे लागू आहे. शिवाय बीम आणि स्लॅब मॉडेलमध्ये नीट जोडलेले नसतील तर सांध्याचं काँक्रीट दोनदा मोजलं जातं. म्हणून मॉडेलचे आकडे आरएमसी (तयार काँक्रीट) मागवायला आणि बजेटला वापरा, कॉन्ट्रॅक्टरचं बिल आयएस १२०० वरच तपासा.

कार्पेट एरियाची गंमत याहून महाग पडू शकते. रेराच्या व्याख्येत फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. सॉफ्टवेअर खोलीचं क्षेत्रफळ काढतं ते भिंतीच्या तोंडापासून तोंडापर्यंत, पार्टिशन सोडून. तो आकडा तसाच उचलून करारनाम्यात घातला तर कार्पेट कमी भरतो. त्यासाठी एरिया प्लॅन वेगळा लावून घ्यावा लागतो. नमुना करारात फरकाची मर्यादा ३ टक्के आहे, एवढं डोक्यात ठेवा.

परवानगीसाठी मॉडेलचा उपयोग आहे का? सध्या नाही म्हणा. राज्याची एकत्रीकृत बांधकाम नियमावली २०२० सालची, तिच्यातली पी-लाइन (एफएसआयमध्ये धरायच्या बांधकामाची बाहेरची रेषा) आणि पूरक एफएसआयचा हिशेब मॉडेलमधून काढता येतो, पण पुणे काय किंवा पिंपरी-चिंचवड काय, प्लॅन द्यायचा तो ठरलेल्या लेअरमधल्या द्विमितीय ड्रॉइंगमध्येच. सिंगापूरने २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आणून २०१५ पर्यंत ५,००० चौरस मीटरवरच्या इमारतींना मॉडेल देणं बंधनकारक केलं, ब्रिटनने २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना. आपल्याकडे खासगी घरबांधणीवर तशी सक्ती नाही. त्यामुळे सबमिशन करणारा आर्किटेक्ट जसा करतोय तसा करू दे, फक्त मंजूर प्लॅन आणि मॉडेल महिन्याला एकदा एकावर एक ठेवून बघा.

कन्सल्टंटच्या सादरीकरणात मेट्रोची स्लाइड असणारच. महामेट्रोने नागपूरला फाइव्ह-डी बीआयएम वापरलं, म्हणजे त्रिमितीला वेळापत्रक आणि खर्च जोडला. खरं आहे, चांगलं काम आहे. पण मेट्रो बांधून घेणारीच संस्था ती पुढे कित्येक वर्षं चालवते. तिला प्रत्येक पंपाची माहिती मॉडेलमध्ये असण्याचा रोजचा उपयोग. तुम्ही इमारत सोसायटीच्या हवाली करून पुढच्या प्लॉटवर जाणार. त्यामुळे 'फॅसिलिटी मॅनेजमेंट मॉडेल' नावाची ओळ कोटेशनमध्ये असेल तर खोडा. फक्त जसं बांधलं तसं सर्व्हिसेसचं मॉडेल घ्या. रेराच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षं दोषांची जबाबदारी तुमची आहे, आणि चौथ्या वर्षी गळती कुठून येतेय हे शोधताना पाइप नेमका कुठून गेलाय ते माहीत असलेलं फार बरं.

त्याच कलमाची दुसरी बाजू तुमच्या सेल्सच्या लोकांना वाचून दाखवा. मंजूर प्लॅनमध्ये इमारतीचे बदल करायचे तर दोन तृतीयांश ग्राहकांची संमती लागते. तरी बुकिंग सुरू झाल्यावर "टू बीएचके जास्त चालतंय, थ्री तोडा" असं सांगणारे मालक मी पाहिलेत. बीआयएममध्ये कष्ट आधी पडतात आणि फळ नंतर मिळतं. निर्णय गोठवायची तुमची तयारी नसेल तर तेच कष्ट तुम्ही तीनदा विकत घ्याल. घरात बसून याचं खरं उत्तर द्या, मग कन्सल्टंटला फोन करा.

माणसं कशी निवडायची? पुण्यात मॉडेल करणाऱ्यांची वाण नाही. बाणेर-खराडीच्या ऑफिसांतून आपलीच मुलंमुली परदेशातल्या हॉस्पिटलांची आणि शाळांची मॉडेलं करत असतात. हात सफाईदार, पण कित्येकांनी ड्राय बाल्कनी मॉडेलमध्ये कधी केलेली नसते. म्हणून मी मुलाखतीत एकच गोष्ट मागते: पुण्यातल्या एका फ्लॅटचं टॉयलेट दाखवा. संक किती घेतलाय, नहाणी ट्रॅपकडे उतार आहे का, डक्टमध्ये उभं राहून पाना फिरवता येईल एवढी जागा आहे का, खिडकी डक्टच्या पाइपावर तर उघडत नाही ना. ज्याचं टॉयलेट बरोबर, त्याला बेसमेंट द्या. चकचकीत एलिव्हेशन दाखवणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

वडिलांना यातून वगळू नका. दर आठवड्याच्या बैठकीत बेसमेंटचे सेक्शन ए-१ आकाराच्या मोठ्या कागदावर छापा आणि लाल पेन्सिल त्यांच्या हातात द्या. स्क्रीनवर फिरणारं मॉडेल बघून मान डोलावणारे पुष्कळ असतात, कागदावर बोट ठेवून "इथे पाणी साठेल" म्हणणारा एखादाच. त्यांच्या खुणा मॉडेलमध्ये घालायचं काम कन्सल्टंटचं.

आणि साइटवर कागदच जाणार, त्यात कमीपणा नाही. मुकादमाला धुळीत टॅबलेट नको असतो. फक्त नवं शीट देताना जुनं परत घ्यायचं, रजिस्टरमध्ये सही घ्यायची आणि आणलेल्या जुन्या शीटवर आडवी लाल रेघ मारून ते ऑफिसात ठेवायचं. हे काम एका माणसाच्या नावावर लिहून द्या. माझ्या त्या २४ भोकांनंतर आम्ही ते स्टोअरकीपरला दिलं होतं, कारण सिमेंटच्या गोणीसकट कुठलीही वस्तू परत घेतल्याशिवाय नवी न देण्याची सवय साइटवर एकट्या त्यालाच होती.